आधी तारतम्य, मग फासा

रात्रीची वेळ, शत्रूची छावणी आणि तंबूच्या खांबाला टेकून गाढ झोपलेला एक पहारेकरी. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डी: टेबलाभोवती बसून आपापल्या पात्राची गोष्ट सांगत आणि फासे टाकत खेळायचा. आमच्या टेबलावरच्या एका खेळाडूचं पात्र फायटर, म्हणजे योद्धा, होतं. चिलखत उतरवून, अनवाणी, ती त्याच्यापर्यंत सरपटत पोचली. त्यासाठी तिने चोरपावलांनी जाण्याचे, म्हणजे स्टेल्थचे, तीन रोल (फासे) टाकले आणि तिन्ही चांगले पडले. "एका हाताने त्याचं तोंड दाबते आणि गळ्यावरून सुरी फिरवते," ती म्हणाली. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा आणि निवाडे देणारा डंजन मास्टर, मी होतो. मी पुस्तकात आहे तसंच केलं. झोपलेला म्हणजे बेशुद्ध, बेशुद्धावर ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून चांगला तो घ्यायचा), आणि पाच फुटांच्या आतून वार बसला की आपोआप क्रिटिकल (नुकसानीचे फासे दुप्पट). वार बसला. सुरीचा चार बाजूंचा फासा क्रिटिकलमुळे दोनदा पडला, ३ आणि २. ताकदीचे ३ मिळवून एकूण ८. डी अँड डीच्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीत साध्या पहारेकऱ्याचे हिट पॉइंट, म्हणजे पडण्याआधी तो सोसू शकतो ते नुकसान, आहेत ११.

"तो ओरडतो," मी म्हणालो.

कुणी वाद घातला नाही. तेच जास्त लागलं. ती नुसती आपल्या कागदाकडे बघत राहिली आणि पुढचा तासभर तिने 'मी तलवार मारते' यापलीकडे काही केलं नाही. नंतर मी हिशेब मांडला. ११ होण्यासाठी दोन्ही फाशांवर ४ पडायला हवेत, म्हणजे सोळातून एकदा. उरलेल्या पंधरा वेळा गळ्यावरून सुरी फिरलेला माणूस उठून अख्खी छावणी जागी करणार. नियम पाळण्यात माझी एकही चूक झाली नव्हती, आणि निवाडा साफ चुकला होता.

टेबलटॉप रोलप्लेइंगमधल्या लढाईत डीएमने तारतम्य वापरावं की नाही, हा वाद जुना आहे. एका बाजूला 'पुस्तकात लिहिलंय तेच' म्हणणारे, दुसऱ्या बाजूला 'डीएम म्हणेल ती पूर्व' म्हणणारे. माझ्या मते दोन्ही बाजू एकच गोष्ट विसरतात. तारतम्य वापरावं की नाही हा प्रश्नच नाही, कारण ते वापरल्याशिवाय एकही लढाई चालत नाही. प्रश्न ते केव्हा वापरायचं याचा आहे. फासा पडण्याआधी वापरलं तर तो निवाडा. फासा पडल्यावर वापरलं तर तो रडीचा डाव, मग तो डीएमने खेळला काय आणि खेळाडूने खेळला काय.

पहारेकऱ्याचंच बघू. हिट पॉइंट म्हणजे अंगातलं रक्त नव्हे. १९७९च्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीच्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये डी अँड डीच्या दोन जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स याने हे बऱ्याच विस्ताराने समजावलंय. या आकड्यात शरीराचा काटकपणा थोडा, आणि बाकी लढण्याचं कसब, नशीब, ऐनवेळी अंग चोरण्याची सवय असं बरंच काही असतं. म्हणून तर मुरलेला योद्धा दहा वार 'खाऊन' उभा राहतो. ते वार त्याला लागतच नाहीत, चाटून जातात. आता झोपलेला माणूस अंग कसं चोरणार? जी गोष्ट तो आकडा मोजतो ती गोष्टच तिथे हजर नाही. मग तो आकडा वापरायचा कशाला? मी याला तारतम्य म्हणतो. ते नियमाच्या विरुद्ध जात नाही. उलट, नियम कशाची लघुलिपी आहे हे कळल्याशिवाय ते येतच नाही.

गंमत म्हणजे जुन्या पुस्तकांनी ही जागा ओळखली होती. त्याच १९७९च्या गाइडमध्ये जादूने झोपवलेल्या किंवा जखडलेल्या शत्रूबद्दल नियम आहे. आसपास लढाई चालू नसेल तर दर फेरीला एक या हिशेबाने असे शत्रू सरळ मारता येतात, फासा नाही. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत 'कू द ग्रास' होतं. असहाय शत्रूवरचा वार आपोआप क्रिटिकल, आणि त्यातून तगलाच तर सेव्ह (वाचण्यासाठीचा रोल), ती फसली की मृत्यू. पाचव्या आवृत्तीने ते काढून टाकलं. पुस्तक हलकं झालं, पण ते ओझं हवेत विरलं नाही, डीएमच्या खांद्यावर आलं. हे ज्यांच्या लक्षात येत नाही ते माझ्यासारखे 'तो ओरडतो' म्हणून बसतात.

यावर लगेच येणारा प्रश्न: मग झोपलेल्या ड्रॅगनच्या गळ्यावरूनही सुरी फिरवू का? नाही. त्यासाठीही पुस्तक उघडावं लागत नाही. वीतभर पात्याची सुरी, हातभर जाडीचे खवले. तिथे हिट पॉइंटमधला मोठा वाटा खरोखरच मांसाचा आणि खवल्यांचा आहे, आणि तो झोपेतही जागेवरच असतो. तेव्हा वार करायचा, फासा टाकायचा आणि पळायची तयारी ठेवायची. एकाच तारतम्याने दोन ठिकाणी दोन उत्तरं दिली, आणि ती का दिली हे एका वाक्यात सांगता आलं. एका वाक्यात कारण सांगता येत नसेल तर तो निवाडा नसून लहर असण्याची शक्यता जास्त.

मुळात या खेळात पंच नियमपुस्तकापेक्षा जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात रायस्विट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये क्रीगश्पील, म्हणजे युद्धखेळ, प्रसिद्ध केला. नकाशा, ठोकळे, फासे, नुकसानीची कोष्टकं आणि मध्ये बसलेला पंच. पुढे कोष्टकं वाढत गेली, खेळ रखडायला लागला, अधिकारी कंटाळले. १८७६ मध्ये युलिउस फॉन फेर्डी द्यू व्हेर्न्वा याने कोष्टकं बाजूला ठेवून पंचाच्या समजुतीवर खेळ चालवावा असं मांडलं. त्याला 'मुक्त' क्रीगश्पील म्हणतात. अमेरिकेत १८८० मध्ये चार्ल्स टॉटन या लेफ्टनंटने 'स्ट्रॅटेगोस' लिहिलं. ते पुस्तक जवळजवळ नव्वद वर्षांनी डेव्हिड वेस्ली या युद्धखेळांच्या शौकिनाच्या हाती लागलं. खेळाडू जे करू म्हणेल ते पंचाने तोलावं, ही कल्पना त्याने उचलली आणि १९६९ मध्ये 'ब्राउनस्टाइन' नावाचा खेळ चालवला. त्यात डेव्ह आर्नेसन होता. पाच वर्षांनी, १९७४ मध्ये, आर्नेसन आणि गायगॅक्सचं डंजन्स अँड ड्रॅगन्स आलं. त्या पहिल्या पुस्तिकांमध्येही खेळ चालवणाऱ्याला 'रेफरी' म्हटलंय.

'डीएम म्हणेल ती पूर्व'वाले हा इतिहास फार आवडीने सांगतात. सांगताना एक गोष्ट मात्र गाळतात. १८७६चा तो फेर्डी १८७०-७१च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात प्रशियाचा सेनाप्रमुख मोल्टके याच्या मुख्यालयात होता. रेजिमेंट पूल ओलांडायला किती वेळ घेते, तोफखाना चिखलात रुतला की काय होतं, हे त्याच्या वर्गाने पाहिलेलं होतं. त्याची समजूत अनुभवाची होती. आपली कुठून आली? आपल्यातल्या किती जणांनी तलवार हातात धरली आहे?

प्रामाणिक उत्तर: आपलं लढाईविषयीचं 'कॉमन सेन्स' बहुतेक सगळं सिनेमातून आलेलं आहे. डोक्यात दांडका घातला की माणूस तासभर शांत झोपतो आणि मग डोकं चोळत उठतो. प्रत्यक्षात डोक्यावरच्या माराने कुणी इतका वेळ बेशुद्ध राहिला तर तो जिवाच्या संकटात असतो. तलवार इतकी जड की कमकुवत माणसाला उचलत नाही. प्रत्यक्षात एका हाताच्या मध्ययुगीन युरोपीय तलवारीचं वजन साधारण एक ते दीड किलो. पोलादी चिलखत घातलेला माणूस पडला की उलट्या कासवासारखा वळवळतो. प्रत्यक्षात वीस-पंचवीस किलोंचं ते वजन सगळ्या अंगावर वाटलेलं असतं, आणि ते घालून माणूस कोलांटी मारू शकतो, घोड्यावर चढू शकतो. मी स्वतः एका पॅलाडिनला (धर्मयोद्ध्याला) 'तू चिलखतात आहेस, उठायला पूर्ण फेरी लागेल' असं ठणकावून सांगितलेलं आहे. नियमात तसं काही नव्हतं. वास्तवातही नव्हतं. ते फक्त माझ्या डोक्यात होतं.

म्हणून तारतम्य आणि वास्तववाद यांची गल्लत करू नये. १५४५ मध्ये बुडालेल्या 'मेरी रोझ' या इंग्रज युद्धनौकेवर लांब धनुष्यं सापडली, आणि त्यांची ओढ १०० पौंडांच्या वर होती असं मानतात. म्हणजे तिरंदाजीला दांडगी ताकद लागते. डी अँड डी मात्र धनुष्यासाठी डेक्स्टेरिटी (चपळाई) मोजतं. मग उद्यापासून तिरंदाजाला स्ट्रेंग्थवर (ताकदीवर) रोल टाकायला लावायचं का? खेळाडूने पात्र बनवलं ते नियमाच्या भरवशावर. मांडलेल्या डावात त्याच्या पायाखालचं जाजम ओढण्याइतकी आपली माहिती मौल्यवान नाही. नियम बनवणाऱ्याने जाणूनबुजून केलेलं सोपीकरण वेगळं, आणि त्याला सुचलेलाच नसलेला प्रसंग वेगळा. तारतम्याचं काम दुसऱ्या ठिकाणी.

या सिनेमाछाप अकलेचा सर्वांत लाडका नमुना म्हणजे फंबल. वीस बाजूंच्या फाशावर १ पडला की तलवार हातातून सटकते, दोरी तुटते, वार मित्राला लागतो. पाचव्या आवृत्तीत हल्ल्यावर १ पडला की वार चुकतो, बस्स. बाकी सगळी घरची भर, 'खऱ्या लढाईत असं होतंच की' या आधारावर. जरा आकडे लावून बघा. शेतातून उचलून आणलेला नवशिका फेरीत एक वार करतो. सरासरीने वीस फेऱ्यांत एकदा त्याची फजिती होणार. फेरी सहा सेकंदांची, म्हणजे दोन मिनिटांत एकदा. विसाव्या पातळीचा फायटर फेरीत चार वार करतो. चारांत निदान एक १ पडण्याची शक्यता साडेअठरा टक्के. म्हणजे जगातला निष्णात योद्धा दर अर्ध्या मिनिटाला आपल्याच पायात अडखळतो, आणि जितका निष्णात होईल तितका जास्त अडखळतो. आणि विझार्ड, म्हणजे जादूगार? तो फायरबॉल (आगीचा गोळा) टाकतो, रोल समोरच्यांनी टाकायचा, त्याच्या हातून काही सटकतच नाही.

इथे एक तक्रार नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही. टेबलावरचं तारतम्य फार करून तलवारवाल्यांच्याच वाट्याला येतं. फायटर म्हणाला, झुंबराला लोंबकळून पलीकडे जातो, की डीएमला न्यूटन आठवतो. झुंबर तुझं वजन पेलेल का? हातात ढाल आहे ना? दोन रोल टाक, नाही, तीन टाक. विझार्ड म्हणाला, मी मिस्टी स्टेप (क्षणात दुसरीकडे नेणारा मंत्र) टाकतो, की तो पलीकडे. कारण ते 'नियमात आहे'. जादूला नियम आणि स्नायूंना भौतिकशास्त्र, असा दुजाभाव करायचा आणि मग फायटर दुबळे पडतात म्हणून गळा काढायचा. तारतम्य वापरायचं तर ते कधीकधी 'हो, सहज जमेल, रोल नको' असंही बोललं पाहिजे. नुसतं 'नाही' म्हणणाऱ्या अकलेला मी तारतम्य म्हणत नाही.

खेळाडूही काही सोवळे नसतात. शब्दाचा कीस पाडणारा एक तरी गडी प्रत्येक गटात असतो, आणि त्याचं आवडतं लेकरू म्हणजे शेतकऱ्यांची तोफ. दोन हजार शेतकरी पाच-पाच फुटांवर रांगेत उभे करायचे, प्रत्येकाने पुढच्याला भाला देण्याची ॲक्शन, म्हणजे आपल्या वाट्याची कृती, राखून ठेवायची. सगळ्या राखीव ॲक्शन एकाच फेरीत होतात, म्हणजे भाला सहा सेकंदांत दहा हजार फूट, सुमारे तीन किलोमीटर जातो. सेकंदाला पाचशे मीटरच्या वर, आवाजापेक्षा वेगाने. आता त्या वेगाच्या भाल्याचं डॅमेज द्या, म्हणतो. चलाखी कुठे आहे ते बघा. भाला पुढे नेताना नियमाचा हात धरायचा, आणि आदळताना तो सोडून भौतिकशास्त्राचा. फक्त नियमच लावले तर शेवटचा शेतकरी एक साधा भाला फेकतो, सहा बाजूंचा फासा. फक्त भौतिकशास्त्र लावलं तर तो भाला सहा सेकंदांत पंधरा-वीस माणसांच्या पुढे जात नाही. दोन्हीकडचं लोणी खाता येणार नाही, एवढं सांगितलं की पुरे. २०२४च्या नव्या डंजन मास्टर्स गाइडने तर खेळाचे नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे, अशी समजच छापली आहे. ती छापावी लागली याचं मला हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं.

मग तारतम्य वापरायचं कसं? माझ्या टेबलावर झालेली एक गोष्ट सांगतो. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, एका खाणीच्या बोगद्यात शिरली. पुढे असलेल्याच्या हातात ग्लेव्ह, माणसाच्या उंचीहून लांब दांड्याचं पातं. बोगदा इतका अरुंद की कोपरं भिंतींना घासत होती. पाचव्या आवृत्तीत शस्त्र फिरवायला किती जागा लागते याचा उल्लेख नाही. ॲडव्हान्स्डच्या शस्त्रांच्या कोष्टकात त्याचा स्वतंत्र रकाना होता. आत शिरण्याआधीच मी सांगितलं, "इथे ग्लेव्ह फिरवता येणार नाही, भोसकता येईल. समोरच्यावर नेहमीसारखा रोल, पण बाजूला किंवा मागे वळून वार नाही. आणि समोरून येणाऱ्यालाही हेच लागू." पोराने दोन सेकंद विचार केला, ग्लेव्ह पुढे धरून सरकायला लागला आणि मागच्याला म्हणाला, "तू माझी पाठ सांभाळ, मला वळता येणार नाही." पुढची वीस मिनिटं सगळे खरोखर बोगद्यात होते.

हाच निवाडा मी उलट्या क्रमाने दिला असता तर? त्याने रोल टाकला, १९ पडला, आणि मग मी म्हणालो, 'पण बोगदा अरुंद आहे, त्यामुळे पातं भिंतीला लागलं.' माहिती तीच, तर्क तोच. तरी ती चोरी झाली असती, कारण फासा टाकताना तो ज्या जगात आहे असं त्याला वाटत होतं ते जग मी मागाहून बदललं. खेळाडूचं सगळं शहाणपण निवड करण्यात असतं. निवड करण्याआधी त्याला बोगद्याची रुंदी कळायला हवी. त्याचं पात्र तिथे उभं आहे, त्याला ती दिसतेच आहे. न दिसणारा फक्त खेळाडू असतो, आणि त्याचे डोळे म्हणजे आपण.

नियमवाल्यांचा एक आक्षेप मला मान्य आहे. अनोळखी माणसं पहिल्यांदा एका टेबलावर बसतात, किंवा एकच पात्र घेऊन आज इथे उद्या तिथे खेळतात, तिथे पुस्तक हाच एकमेव सामायिक शब्द असतो. तिथे डीएमने हात आखडावा. नवा डीएम असेल तर त्यानेही. पण माझ्या ओळखीतले बहुतेक गट वर्षानुवर्षं तेच चार-पाच जण आहेत. त्यांना इतकं सोवळं पाळायची गरज नाही.

ऑनलाइन टेबलांवर आता नवा प्रकार सुरू झालाय. बटण दाबलं की सॉफ्टवेअर रोल टाकतं, मिळवतं, वजा करतं आणि शत्रूच्या डोक्यावरची लाल पट्टी तेवढी आखडते. सोय मोठी आहे, मीही वापरतो. पण पट्टी हलली की प्रश्न संपल्यासारखा वाटतो. 'मुळात इथे रोल हवा होता का' हे विचारायची जागाच उरत नाही, कारण विचार करण्याआधी बटण दाबलेलं असतं. मी हल्ली खेळाडूंना सांगतो, आधी काय करताय ते बोला, मग माउसला हात लावा.

आणि निवाडे लिहून ठेवायचे. आमच्याकडे त्यासाठी एक वही आहे. टेबलावर वाद दोन मिनिटं, नंतर डीएमचं म्हणणं चालतं, सत्र संपल्यावर पुन्हा बोलायचं आणि ठरेल ते वहीत. एकदा वहीत गेलं की ते डीएमलाही बांधतं. नाहीतर सोमवारचं तारतम्य वेगळं आणि शुक्रवारचं वेगळं.

त्या पहारेकऱ्याच्या प्रसंगानंतर वहीतली पहिली ओळ तिनेच लिहिली होती: 'झोपलेल्या माणसाच्या गळ्याशी सुरी पोचली तर रोल नाही.' खाली मी भर घातली, 'दोन्ही बाजूंना लागू.' जवळजवळ वर्षाने पार्टी एका डोंगरात अडकली, सगळे अर्धमेले. मी विचारलं, पहारा कोण देणार? सगळे म्हणाले, आज कुणाच्यात त्राण नाही, झोपतो. मी म्हणालो, दुपारी गॉब्लिनच्या पायांचे ठसे दिसले होते, आठवतंय ना? म्हणाले, आठवतंय, धोका पत्करतो. मी गॉब्लिनचे स्टेल्थ रोल सगळ्यांसमोर टाकले. एकजण आत पोचला. तिच्या फायटरच्या उशाशी.

मी काहीच बोललो नाही. तिने वही ओढून घेतली, पहिलं पान उघडलं, आपलंच अक्षर वाचलं. मग म्हणाली, "नवीन कॅरेक्टर शीट दे. या वेळी क्लेरिक, पुजारी, करते. आणि ए, बाकीच्यांनो, उठा आता, मी मरताना भांडं पाडते."

भांडं पाडायला रोल लागेल का, यावर आम्ही बरोबर दोन मिनिटं भांडलो.